यवन म्हणजे कोण? मायसिनीची राख आणि घोड नदीचा काठ

(निरगुडसर इथे तरुण मुला-मुलींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)



दोस्तांनो, मला दिलेला विषय आहे प्राचीन ग्रीस. त्यातही अगदी सुरुवातीचा ग्रीस, त्या संस्कृती कशा उभ्या राहिल्या आणि कशा कोसळल्या. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, कांद्याच्या भावावर बोला की. ग्रीसचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. मंचरच्या बाजारात कांदा काय भावाने गेला, हे ज्याला रोज बघावं लागतं त्याने साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यांचं ऐकून घ्यावं, तर त्याला काहीतरी कारण हवं.

कारण म्हणून माझ्या शाळेची एक गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. इतिहासाच्या तासाला गुरुजी एक उतारा वाचून दाखवत होते. त्यात शब्द आला, यवन. यवनांनी हे केलं, यवनांनी ते केलं. दुसऱ्यांदा तो शब्द आला तेव्हा पुढच्या बाकावरची दोन डोकी मागे वळली. तिसऱ्यांदा आला तेव्हा निम्मा वर्ग माझ्याकडे बघत होता. गुरुजींनी वाईट काहीच म्हटलं नव्हतं, ते पुढे वाचत राहिले. मी मात्र वहीत मान घालून बसलो. घरी आल्यावर अब्बांना विचारलं, आपण यवन आहोत का? अब्बा शिवणकाम करायचे. मशीन न थांबवता म्हणाले, "मालूम नै बेटा. मास्तर कू पूछ."

मी मास्तरांना विचारलं नाही. उत्तर मिळायला पुढे वीसेक वर्षं गेली, आणि ते उत्तर निघालं ग्रीसमध्ये. म्हणून आज हा विषय मी आनंदाने घेतला. एखादी मोठी संस्कृती कोसळते तेव्हा काय जळून जातं आणि काय माणसांच्या तोंडी उरतं, हे आपण बघणार आहोत. यवन हा शब्द त्या उरलेल्यांपैकी आहे.

सुरुवात क्रीट बेटापासून करू. भूमध्य समुद्रातलं हे लांबट बेट. इ.स. १९०० साली आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकाने तिथे क्नोसस इथे खोदायला सुरुवात केली आणि एक अवाढव्य राजवाडा बाहेर आला. शेकडो खोल्या, पुरुषभर उंचीचे तेलाधान्याचे रांजण, सांडपाण्याच्या नळ्या, भिंतींवर रंगीत चित्रं. गोष्टीतल्या मिनोस राजाच्या नावावरून इव्हान्सने या संस्कृतीला मिनोअन म्हटलं. ते लोक स्वतःला काय म्हणत होते, आपल्याला ठाऊक नाही. इ.स.पू. १९०० च्या सुमाराला पहिले राजवाडे झाले, भूकंपात पडले, पुन्हा बांधले गेले आणि इ.स.पू. १४५० च्या आसपास बेटावरचे बहुतेक राजवाडे जळाले. त्यांची लिपी आजही कोणाला वाचता आलेली नाही.

इथे एक गंमत सांगून पुढे जातो. क्रीटच्या उत्तरेला थेरा नावाचं बेट आहे, आता त्याला सांतोरिनी म्हणतात. तिथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. बरीच वर्षं लोक सांगत राहिले की त्या स्फोटाने मिनोअन संस्कृती एका झटक्यात संपली. ऐकायला झकास गोष्ट आहे. पण क्रीटवर त्या राखेच्या थराच्या वरही मिनोअन घरं आणि भांडी सापडतात. म्हणजे स्फोटानंतर माणसं उठली, राख झाडली आणि पुढे काही पिढ्या जगली. एका धक्क्यात संपलेली संस्कृती तुम्हाला कोणी सांगितली, तर राखेच्या वरचा थर बघायला मागा.

आता मायसिनी. हे ग्रीसच्या मुख्य भूमीवरचं ठिकाण. डोंगरावर गढी, दगड इतके मोठे की पुढच्या काळातल्या ग्रीकांना वाटायचं, हे राक्षसांनीच रचले असणार. दरवाज्यावर दोन सिंहिणी कोरलेल्या. १८७६ साली हाइनरिश श्लीमानने तिथल्या कबरी उघडल्या आणि सोन्याचे मुखवटे बाहेर आले. पुस्तकात फोटो त्या मुखवट्यांचेच असतात. मला सोन्यात रस नाही. मला रस आहे मातीच्या पाट्यांमध्ये.

१९३९ साली कार्ल ब्लेगन या अमेरिकन संशोधकाने पायलोस इथे खणायला घेतलं आणि पहिल्याच चरात मातीच्या पाट्या लागल्या. शेकडो. त्यांवर रेघांची एक लिपी. तशाच पाट्या क्नोससलाही मिळाल्या होत्या. तिला नाव पडलं लीनिअर बी. कोणती भाषा, कोणाला माहीत नाही. अॅलिस कोबर नावाच्या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी त्या चिन्हांची हजारो टिपणं कापलेल्या कागदाच्या तुकड्यांवर केली आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवली. त्या १९५० साली वारल्या. काम अर्धंच राहिलं होतं, पण पाया पक्का घातला होता. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुणाने लिपी सोडवली. तो भाषेचा पंडित नव्हता, इमारतींचे नकाशे काढणारा वास्तुविशारद होता. शाळकरी वयात त्याने वृद्ध इव्हान्सचं बोलणं ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे कोडं बसलं होतं. त्याचा स्वतःचा अंदाज होता की भाषा भलतीच काहीतरी निघेल. निघाली ग्रीक! होमरच्याही कितीतरी आधीची ग्रीक.

सगळ्यांना वाटलं, आता महाकाव्यं मिळणार, राजांच्या गोष्टी मिळणार. आणि मिळालं काय? तलाठ्याचं दप्तर. अमक्याकडे इतक्या मेंढ्या, तमक्याकडून इतकी लोकर येणं बाकी, इतकी जुनी येणी. क्नोससच्या पाट्यांवरच्या मेंढ्यांची बेरीज लाखाच्या आसपास जाते. पायलोसच्या पाट्यांवर विणकाम, सूतकताई, धान्य दळणं अशी कामं करणाऱ्या सुमारे साडेसातशे बाया आहेत, त्यांची मुलं आहेत आणि त्यांना किती गहू, किती अंजीर द्यायचे याची नोंद आहे. त्यातल्या कित्येकींची ओळख म्हणून समुद्रापलीकडच्या गावांची नावं लिहिली आहेत. बहुधा पकडून आणलेल्या, नाहीतर विकत घेतलेल्या. सोन्याचे मुखवटे ज्या व्यवस्थेतून आले, तिच्या तळाशी या बाया होत्या, हे फोटोत दिसत नाही.

एक नोंद मात्र मला फार आवडते. आपल्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. क्नोससच्या कारकुनाने नांगराच्या बैलांची नावं लिहून ठेवली आहेत. एक काळ्या, एक ठिपक्या, एक पांढऱ्या पायाचा. त्या काळच्या राजाचं नाव आपल्याला सांगता येत नाही, पण बैलांची येतात.

या पाट्या कच्च्या मातीच्या होत्या. एका वर्षापुरत्या. वर्ष संपलं की भिजवायच्या, मळायच्या आणि पुन्हा नवी पाटी करायची. मग त्या आपल्यापर्यंत कशा आल्या? राजवाडा जळाला म्हणून. आगीत पाट्या विटेसारख्या भाजल्या. म्हणजे आपल्या हाती आलंय ते पायलोसच्या शेवटच्या वर्षाचं दप्तर. त्यात काही पाट्या अशा आहेत की वाचताना अंगावर काटा येतो. समुद्रकिनाऱ्यावर पहारे बसवले आहेत, दहा तुकड्या, मिळून आठशेच्या आसपास माणसं. दुसऱ्या एका पाटीवर ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून भाल्यांच्या टोकांसाठी कांसं गोळा करण्याचा हिशेब आहे. नेहमीची दक्षता होती की संकट दिसत होतं, यावर अभ्यासक भांडतात. पण त्यानंतर आग लागली, एवढं खरं. साल साधारण इ.स.पू. १२०० ते ११८०.

एकटं पायलोस गेलं नाही. त्याच पन्नास वर्षांच्या आतबाहेर मायसिनी, टायरिन्स, थीब्ज या सगळ्या ठिकाणी राजवाड्यांची व्यवस्था संपली. आजच्या तुर्कस्तानातली हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा ओस पडली. सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित हे भरभराटीचं बंदर जळालं ते पुन्हा वसलंच नाही. इजिप्त तेवढं तगलं, तेही जखमी होऊन.

कोणी केलं हे? माणसाला एक आरोपी लागतो. इजिप्तच्या तिसऱ्या रामसेसने मंदिराच्या भिंतीवर कोरून ठेवलं की समुद्रावरून परके लोक आले, त्यांनी सगळे देश बुडवले आणि मी एकट्याने त्यांना हरवलं. राजाची भिंत आहे, ती असंच सांगणार! पुढच्या ग्रीकांनी आपली गोष्ट रचली की उत्तरेकडून डोरियन नावाचे लोक आले. शंभर वर्षं विद्वानांनी या डोरियन स्वारीचा पुरावा मातीत शोधला. परक्यांची वेगळी भांडी, वेगळी शस्त्रं, वेगळी घरं कुठेतरी एकगठ्ठा दिसायला हवी होती. ती तशी दिसत नाहीत. दिसतात ते दुष्काळाचे पुरावे, काही ठिकाणी भूकंपाच्या खुणा, तुटलेला तांब्याचा आणि कथलाचा व्यापार आणि बहुधा आतलीच भांडणं. समुद्रावरून टोळ्या आल्याही असतील, पण त्या स्वतःच कुठल्यातरी उपासमारीतून निघालेल्या होत्या.

माझं मत विचाराल तर सांगतो. ती व्यवस्था वरून फार भक्कम दिसत होती आणि आतून फार अरुंद होती. सगळं राजवाड्यातून जायचं. लोकर राजवाड्यात, तेल राजवाड्यात, कांसं राजवाड्यात. आणि लिहिणंही राजवाड्यातच. पायलोसच्या पाट्यांवरची हस्ताक्षरं अभ्यासकांनी वेगळी काढली आहेत, ती जेमतेम काही डझन माणसांची भरतात. कबरीच्या दगडावर लेख नाही, कोणी कोणाला लिहिलेलं पत्र नाही, एखाद्या पोराने भिंतीवर आपलं नाव खरडलेलं नाही. लिहिता येणं ही त्या काही डझन कारकुनांची नोकरी होती. राजवाडा जळाला, नोकरी गेली आणि ग्रीसमधून लिहिणंच गेलं. जवळपास चारशे वर्षं तिथे कोणी काही लिहिलेलं सापडत नाही.

आता ग्रीस तिथेच ठेवू आणि आपल्या घोड नदीवर येऊ. काळ तोच, त्यामुळे ही उडी फार लांबची नाही. आपल्या तालुक्यातून ही नदी खाली जाते, शिरूरला जाते. त्या शहराला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. शिरूर तालुक्यातच पुढे तिच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तिथे बारा-पंधरा वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. अन्सारींचं नाव मुद्दाम घेतो. सांकलियांबरोबर नेवाशापासून इनामगावपर्यंत महाराष्ट्राची माती चाळणाऱ्यांत तो एक माणूस होता आणि आपल्या पोरांना तो ठाऊक नसतो.

इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं वस्ती होती. शंभरावर घरांचे अवशेष मिळाले. मायसिनीत सिंहांचा दरवाजा उभा राहिला, त्या काळात इथे कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची चौकोनी, ऐसपैस घरं होती. गहू, जव, कडधान्यं, तीळ पिकत होते, लोक बोरं, आवळे, जांभळं खात होते. लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढत होते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात अशी भांडी आधी मिळाली म्हणून या संस्कृतीला जोर्वे म्हणतात. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला होता आणि बांध घातला होता. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, धान्याच्या कोठारासकट. त्याच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक मृत पुरुष मिळाला. गावचा कोणीतरी मोठा माणूस असावा. आणि घरांच्या जमिनीखाली, आईबापांच्या वावरण्याच्या जागीच, लहान मुलं पुरलेली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात मूल.

इ.स.पू. १००० च्या सुमाराला चित्र पालटतं. चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. भांडी ओबडधोबड होतात. गव्हाचं प्रमाण घटतं, शिकार आणि शेळ्या-मेंढ्या वाढतात. ढवळीकरांनी याचं कारण पाऊस आटणं हे सांगितलं. नंतरच्या काही अभ्यासकांनी तिथल्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून म्हटलं, एका दुष्काळावर सगळं ढकलू नका, प्रकरण गुंतागुंतीचं आहे. वाद चालू आहे, चालू द्या. पण गोल झोपडी बांधून लोक आणखी तीनशे वर्षं तिथे राहिले, हे विसरू नका. राजवाडाच नव्हता, त्यामुळे एका रात्रीत जळण्यासारखं काही नव्हतं. शेवटी इ.स.पू. ७०० च्या आसपास वस्ती उठली.

या लोकांना लिपी नव्हती. रांजणातल्या त्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. ते कोणती भाषा बोलत होते हेही नाही. क्नोससचा ठिपक्या बैल नावाने ठाऊक आहे आणि आपल्या नदीवरचा गावप्रमुख नावाशिवाय रांजणात बसलाय. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

बरं, ग्रीसमध्ये त्या चारशे वर्षांत काय चाललं होतं? जुने लोक त्याला अंधारयुग म्हणायचे. अंधार इतका नव्हता, लेफकांदी इथे त्याच काळातली एक लांबलचक इमारत आणि समृद्ध कबरी मिळाल्या आहेत. पण लिपी नव्हती. मग राहिलं काय? गाणी राहिली. रानडुकराच्या सुळ्यांचं एक शिरस्त्राण होमरच्या काव्यात आलं आहे. होमरच्या काळात तसलं शिरस्त्राण कोणी वापरत नव्हतं, कोणी पाहिलंही नव्हतं. ते सापडलं मायसिनीच्या काळातल्या कबरींत. चारशे वर्षं एका माणसाने दुसऱ्याला म्हणून दाखवत ते टिकलं. आपल्या आज्या-नान्या जात्यावर, लग्नात हळदीला दखनी गाणी म्हणतात ती कोणी लिहून घेतली आहेत का, हे घरी गेल्यावर बघा.

इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमाराला लिहिणं परत आलं. या वेळी ते राजवाड्याने आणलं नाही. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांनी अक्षरं उचलली. ही अक्षरं तुमच्या घरातही आहेत. ज्यांनी मदरशात अबजद म्हटलं असेल त्यांनी हात वर करा. बघा, निम्मे आहेत. अलिफ, बा, जीम, दाल. ग्रीक मुलगा म्हणतो, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. तुम्ही म्हणता कलमन: काफ, लाम, मीम, नून. तो म्हणतो, काप्पा, लॅम्डा, म्यू, न्यू. क्रम तोच. फिनिशियन भाषेत अलिफचा अर्थ बैल, ते चिन्ह मुळात बैलाच्या डोक्याचं. बा म्हणजे घर. रिक्षावर, दुकानावर ७८६ लिहिलेलं तुम्ही बघता. ती बेरीज याच अबजदच्या हिशेबाने होते, आणि ग्रीकही अक्षरांनीच आकडे लिहायचे. घराणं एकच.

आणि या वेळी अक्षरं वीस-पंचवीसच होती. एखादा नावाडी, कुंभार आठवड्याभरात शिकेल अशी. सगळ्यात जुने ग्रीक लेख कुठे मिळतात? दप्तरात नाही. प्याल्यांवर, सुरईवर मिळतात. हा प्याला अमक्याचा, असे. राजवाड्याची गरज राहिली नव्हती.

आता तो शब्द. ग्रीकांची एक शाखा होती आयोनियन. त्या नावाचं जुनं रूप होतं इयावोनेस. क्नोससच्या मातीच्या पाट्यांवर हे नाव वाचता येतं, तिथे ते त्याच लोकांचं आहे असं मानलं जातं. म्हणजे शब्द राजवाड्यांच्या काळातला. राजवाडा जळाला, लिपी मेली, शब्द मात्र माणसांबरोबर चालत राहिला. इराणच्या दारियस बादशहाच्या शिलालेखांत तो यौना झाला. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक नावाचा योन राजा आहे. संस्कृतात यवन. अरबीत यूनान. पेठेत यूनानी दवाखान्याची पाटी बघता ना? ती ग्रीक दवाखान्याची पाटी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या अरबी ख्रिश्चन हकिमाने ग्रीक वैद्यकाची पुस्तकं अरबीत आणली, तिथून बुकरात आणि जालीनूस आपल्या हकिमांपर्यंत आले. आणि अफलातून! नाटक अफलातून झालं असं म्हणताना मराठी माणूस प्लेटोचं अरबी नाव घेत असतो. दाम मुळात ग्रीकांचं द्राख्मा हे नाणं, केंद्र हा शब्दही ग्रीकच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात सुद्धा ग्रीस बसलाय.

तर यवन आपल्या भागात कधी आला? तलवार घेऊन नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नर ही मोठी पेठ होती. सोपारा-कल्याणचा माल नाणेघाटातून वर यायचा. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली आणि त्यांना दान देणाऱ्यांत तीन यवन आहेत. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत त्यांनी आपली नावं कोरवली. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला जेवणाचा मंडप दिला. चंद नावाच्या यवनाने एका लेण्याचा दर्शनी भाग करवला. कार्ल्याच्या लेण्यातही खांब देणारे यवन आहेत. ते रक्ताने ग्रीकच होते का? तोवर हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लागायला लागला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. पण त्या दगडावर यवन ही शिवी नाही. त्या माणसाने स्वतःच, अभिमानाने, स्वतःच्या पैशाने कोरवलेली ती ओळख आहे. आणि दिलं काय? पाणी आणि जेवायची जागा.

पुढे हजारएक वर्षांनी पश्चिमेकडून मुसलमान आले, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या हाताशी हा जुना शब्द होता. तो त्यांनी नव्या लोकांना लावला. संस्कृत काव्यांत आला, बखरींत आला, कधी अविंध, कधी तुरुष्क यांच्या जोडीने. कित्येक ठिकाणी तो नुसती ओळख म्हणून आला आहे, कित्येक ठिकाणी रागाने. जे इथेच जन्मले, इथलीच भाषा बोलत होते, इथेच कापूस पिंजत आणि भांड्यांना कल्हई करत होते, त्यांनाही तो लागला. डोरियनांची गोष्ट आठवा. घराची पडझड झाली की बाहेरून कोण आलं याची चर्चा सुरू होते आणि मग कोणाला तरी बाहेरचा हे नाव कायमचं चिकटतं.

म्हणजे अब्बांना मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. आपण यवन नाही. आमचं घराणं बापजाद्यांपासून इथलंच, शिवणकामातलं. आयोनियाशी आमचा संबंध अबजदपुरता. पण ते इतिहासाचं उत्तर झालं. वर्गात मागे वळलेल्या डोक्यांना काय सांगायचं, हा प्रश्न वेगळा होता आणि सातवीतल्या पोराकडे त्याचं उत्तर असणं शक्यच नव्हतं. गुरुजींकडे ते असायला हवं होतं. त्यांनी पुस्तक क्षणभर खाली ठेवून विचारलं असतं, जुन्नरला पाण्याचं टाकं कोणी दिलं माहीत आहे का, तर तो तास मला वेगळा आठवला असता. तुमच्यातल्या तिघी-चौघी डी.एड. करत आहेत असं कळलं. तुमच्या वर्गात हा शब्द येईल. मुलगा मान खाली घालायच्या आत काय करायचं, ते आजच ठरवून ठेवा.

जाता जाता एक. आपल्या तालुक्याचं नाव आंबेगाव. ते जुनं आंबेगाव कुठे आहे? डिंभे धरणाच्या पाण्याखाली. कचेरी घोडेगावला, गाव पाण्यात आणि नाव प्रत्येक दाखल्यावर. शेकडो वर्षांनी कोणीतरी हा दाखला हातात घेऊन ते गाव शोधत फिरेल. त्या गावातून उठलेल्या माणसांपैकी काही अजून आहेत. मशीद कुठे होती, देऊळ कुठे होतं, बाजार कुठे भरायचा, बैलांची नावं काय होती, हे ते सांगू शकतील. मोबाइल तुमच्या खिशात आहे, रेकॉर्डिंगला पैसे पडत नाहीत. दोघं-दोघं मिळून जा. मराठीत बोलले तर मराठीत घ्या, दखनीत बोलले तर दखनीतच ठेवा, सुधारू नका.

उद्या सकाळी साडेसहाला जुन्नरची गाडी आहे. पायात चपला नकोत, बूट घाला, चढ आहे. सोबत पाण्याची बाटली घ्या, इरिलचं टाकं बघायला मिळेल पण त्यातलं पाणी पिऊ नका. लेख वर आहे, उन्हाची तिरीप आली की अक्षरं नीट दिसतात, म्हणून लवकर निघायचं. अबजदवर हात वर करणाऱ्यांनी पुढे बसा, ब्राह्मीचं एकेक अक्षर ओळखायला मी तुम्हालाच उभं करणार आहे.

खुदा हाफिज. चला, जेवण तयार आहे म्हणतात.